आतलं आत, बाहेरचं बाहेर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नेहमीची कारणं (रिलीज, रात्रीचे कॉल, शुद्ध आळस) यावेळी लागू नाहीत. गेले काही महिने शनिवार-रविवारी मी एका भलत्याच विषयात डोकं घालून बसलो होतो. दहावीनंतर जीवशास्त्राशी माझा संबंध भूक आणि झोप एवढ्यापुरताच उरला होता. त्यामुळे पुढचं वाचताना कुणा डॉक्टरला हसू आलं तर खुशाल हसा. पण वाचा.

सुरुवात ताईपासून. (तिला विचारून लिहितोय. "नाव नको टाकूस, बाकी काय लिहायचं ते लिही," इति ताई.)

ताईचा दोन वर्षांत दोनदा गर्भपात झाला. दुसऱ्या वेळी चौदावा आठवडा होता. आमच्या घरी अशा गोष्टी कशा हाताळतात ते वेगळं सांगायला नको, तुमच्याही घरी तशाच हाताळत असतील. आवाज खाली. पाहुण्यांना "तिची तब्येत जरा बरी नाहीये". शेजारच्या काकूंना "व्हायरल". मला आईने सांगितलं ते चार दिवसांनी, तेही स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन. दार लावल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

मग डॉक्टरांनी रक्ताच्या काही तपासण्या सांगितल्या. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी एका मीटिंगमध्ये होतो. एका ओळीत लिहिलं होतं: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, पॉझिटिव्ह. डॉक्टर चांगल्या होत्या, पण बाहेर पन्नास पेशंट. त्यांनी जेवढा वेळ होता तेवढ्यात सांगितलं, की तुमच्या शरीरात स्वतःविरुद्धच अँटिबॉडी तयार झाल्यात, बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करू आणि मग ठरवू. काही वेळा ही तपासणी साध्या तापानंतरही तात्पुरती पॉझिटिव्ह येते. म्हणून २००६ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे किमान बारा आठवड्यांच्या अंतराने ती दोनदा पॉझिटिव्ह यावी लागते, तेव्हा कुठे निदान पक्कं धरतात.

त्या रात्री ताईचा फोन आला. रडत वगैरे नव्हती, उलट जरा जास्तच शांत होती. म्हणाली, "म्हणजे माझं शरीरच माझ्यावर उठलंय का रे?"

मी म्हटलं, "बघतो."

बग आला की आम्ही असंच म्हणतो. पण यावेळी खरंच बघायचं ठरवलं. हातात बारा आठवडे होते.

पहिला धक्का त्या नावानेच दिला. अँटिकोॲग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारं. मग ताईला रक्तस्रावाचा त्रास असायला हवा, नाही का? तर उलटं आहे! हे ज्यांच्या रक्तात असतं त्यांना गुठळ्या होण्याचा धोका असतो. आणि 'ल्युपस' म्हणावं, तर यातल्या बऱ्याच लोकांना ल्युपस हा आजारच नसतो. हे नाव १९७२ मध्ये पडलं आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंनी खोटं बोलतंय. आमच्या कोडबेसमध्येही अशी नावं आहेत. 'टेम्पररी' म्हणून दिलेली, दहा वर्षं तशीच राहिलेली, कारण आता बदलायचं तर सगळंच तुटेल.

नाव असं का पडलं ते कळलं आणि मजा वाटली. ही तपासणी करायची एक पद्धत आहे, तिच्यात घोणस सापाचं विष वापरतात. हो, आपली घोणस, शेताच्या बांधावरची. इंग्रजीत तिला ज्याचं नाव आहे तो पॅट्रिक रसेल अठराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावर काम करणारा स्कॉटिश डॉक्टर. घोणसीच्या विषाने रक्त गोठवणारी साखळी थेट मधल्या एका कडीपासून सुरू करता येते. म्हणून रक्ताचा पिवळा भाग घ्यायचा, त्यात पातळ केलेलं विष, कॅल्शियम आणि थोडं फॉस्फोलिपिड घालायचं आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "आता सापसुद्धा माझ्याविरुद्ध का?" म्हटलं, नाही गं, साप साक्षीदार आहे.

ताईच्या अँटिबॉडी त्या परीक्षानळीतल्या फॉस्फोलिपिडवर जाऊन बसतात. साखळीला काम करायला जागाच उरत नाही, म्हणून रक्त उशिरा गोठतं. नळीत जास्तीचं फॉस्फोलिपिड ओतलं की परत वेळेवर गोठतं. म्हणजे टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये एक वागणं आणि प्रॉडक्शनमध्ये बरोबर उलटं. हे वाचून मला ताईच्या आजाराबद्दल पहिल्यांदाच थोडी आपुलकी वाटली. असल्या गोष्टींवरच तर माझं घर चालतं!

पण मग प्रश्न आला, हे फॉस्फोलिपिड म्हणजे काय, आणि शरीरात ते असतं कुठे?

आपली प्रत्येक पेशी एका पातळ आवरणात असते. जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. हे आवरण स्निग्ध रेणूंचं बनलेलं, आणि ते एकपदरी नसून दुपदरी आहे. गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी १९२५ मध्येच तांबड्या पेशींमधले स्निग्ध रेणू काढून पाण्यावर पसरून हे दाखवलं. एक पदर बाहेर तोंड करून, एक आत तोंड करून. शाळेत एवढं शिकलो होतो. जे शिकलो नव्हतो ते असं: हे दोन पदर सारखे नाहीत! १९७२ मध्ये मार्क ब्रेचर यांनी तांबड्या पेशींवर दाखवलं, की काही रेणू ठरवून बाहेरच्या पदरात असतात आणि काही ठरवून आतल्या. यातला आपल्या गोष्टीचा नायक म्हणजे फॉस्फॅटिडिलसेरिन. इथून पुढे याला पीएस म्हणतो, नाहीतर माझी बोटं झिजतील. निरोगी पेशीत पीएस जवळजवळ सगळा आतल्या पदरात असतो.

आत बसून तो काय करतो? त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे पेशीच्या आतली धन भार असलेली कितीतरी प्रथिनं त्याच्याकडे ओढली जाऊन आवरणाला येऊन चिकटतात. पेशीला वाढायचं की थांबायचं हे सांगणाऱ्या साखळ्यांमधले मोठे खेळाडू, प्रोटीन कायनेज सी किंवा के-रास, हे त्यातलेच. बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत पोचवायचा तर ही मंडळी आवरणापाशी हजर लागतात, आणि ती तिथे राहतात ती बऱ्याच अंशी पीएसच्या आधाराने.

आणि बाहेर? बाहेर पीएस दिसला की त्याच रेणूचा अर्थ पार बदलतो.

आमच्या सातारच्या गल्लीत लहानपणी एक गोष्ट न सांगता कळायची. शाळेतून येताना एखाद्या दारासमोर बांबू आणि मडकं दिसलं, की पोरं आपोआप गप्प व्हायची. कुणी आरडाओरडा करावा लागत नसे. सायकलवरून उतरून चालत जायचं. शेजारचे आपणहून कामाला लागलेले असायचे. बांबूत स्वतःचं काही नाही हो. वखारीत पडला असेल तर तो नुसता बांबू. तो कुठे ठेवलाय त्याला अर्थ आहे.

पीएस हा पेशीच्या दारातला बांबू. मरायला निघालेली पेशी पीएस बाहेरच्या पदरावर आणते. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तो ओळखतात आणि तिला गिळून टाकतात. हे १९९२ मध्ये समोर आलं. आणि यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे त्या हे शांतपणे करतात. जंतू खाल्ल्यावर मॅक्रोफेज बोंब ठोकतात, सूज आणतात, सैन्य बोलावतात. पण पीएस दाखवणारी पेशी खाल्ल्यावर त्या उलट दाह शमवणारे निरोप सोडतात: 'घरचंच माणूस होतं, बाकी काही नाही, आपापल्या कामाला जा.' तुमच्या-माझ्या शरीरात रोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी जुन्या जाऊन नव्या येतात असा २०२१ चा एक अंदाज आहे, बहुतेक रक्तातल्या. तुम्हाला आज सकाळपासून काही जाणवलं? मलाही नाही. याला म्हणतात गार्बेज कलेक्शन. जावावाल्यांनी धडा घ्यावा :-)

आता माझ्यासारख्याला पडणारा प्रश्न. आतला रेणू बाहेर नेतो कोण? आणि एरवी तो आत ठेवतो कोण?

एका पदरातल्या पदरात हे रेणू सैरावैरा फिरत असतात, शेजाऱ्याशी सेकंदाला लाखो वेळा जागा बदलतात. पण एका पदरातून दुसऱ्यात कोलांटी मारणं त्यांना जड जातं. पाणी आवडणारं डोकं मधल्या तेलकट थरातून न्यावं लागतं, त्यामुळे आपणहून व्हायला तास, कधी दिवस लागतात. म्हणून पेशीने त्यासाठी खास प्रथिनं ठेवली आहेत.

एक फ्लिपेज. बाहेर चुकून गेलेला पीएस उचलून आत आणतं. प्रत्येक फेरीला ऊर्जा खर्च होते, एटीपी जळतं. हे काम अखंड चालू असतं. पॅरिसच्या सेन्यूरे आणि दव्हो यांनी १९८४ मध्ये तांबड्या पेशीत हे काम पकडलं. दुसरं फ्लॉपेज, ते आतलं बाहेर नेतं, तेही खर्चिक. आणि तिसरं स्क्रॅम्बलेज. याला ऊर्जा लागत नाही. ते एरवी बंद असतं. उघडलं की आतलं बाहेर, बाहेरचं आत, सगळी सरमिसळ. क्षणात व्यवस्था मोडते.

हे वाचून मी लॅपटॉप मिटवून गॅलरीत गेलो. आपल्याला वाटतं, नीटनेटकं असणं ही मूळ स्थिती आणि मोडणं हा अपघात. इथे उलटं आहे. आतलं आत राहणं ही स्थितीच नाही, ते काम आहे. कुणीतरी ते दर क्षणाला करतंय म्हणून ते दिसत नाही. (आईला फोन लावला. काही खास नाही, असाच.)

स्क्रॅम्बलेज कुठलं प्रथिन हे मात्र खूप वर्षं सापडत नव्हतं. ते सापडवलं जपानमध्ये शिगेकाझू नागाता यांच्या गटाने. त्यांची पद्धत मला फार आवडली, कारण ती डीबगिंगसारखी आहे. उंदराच्या पेशी घेतल्या, कॅल्शियम वाढवून त्यांना डिवचलं, ज्या जास्त पीएस दाखवतात तेवढ्याच निवडल्या, वाढवल्या, पुन्हा डिवचलं, पुन्हा निवडल्या. असं करत करत पीएस दाखवण्यात भलत्याच उत्साही पेशी मिळवल्या, आणि मग त्यांच्यातलं कुठलं जनुक वेगळं आहे ते शोधलं. २०१० मध्ये उत्तर मिळालं: टीमेम-१६-एफ, कॅल्शियमने उघडणारं स्क्रॅम्बलेज.

आणि त्याच वेळी एक जुनी केस सुटली. १९७९ मध्ये अमेरिकेत एका स्त्रीच्या रक्तस्रावाच्या विकाराची नोंद झाली होती. तिच्या प्लेटलेट्स मोजून भरपूर, दिसायला ठीक, पण रक्त नीट गोठायचं नाही. तिच्या आडनावावरून त्याला स्कॉट सिंड्रोम म्हणतात. गोम अशी, की जखम झाली की प्लेटलेटमध्ये कॅल्शियम वाढतं, स्क्रॅम्बलेज उघडतं, पीएस बाहेर येतो, आणि गोठवणाऱ्या प्रथिनांना बसायला ओटा मिळतो. ओटा नसेल तर ती प्रथिनं रक्तात नुसती भटकत राहतात. स्कॉट सिंड्रोममध्ये तो ओटाच तयार होत नाही, कारण टीमेम-१६-एफ बिघडलेलं.

म्हणजे परीक्षानळीत जे फॉस्फोलिपिड ओततात ते या ओट्याची नक्कल आहे. ताईच्या रिपोर्टचा धागा इथे जुळला. रात्रीचे दोन वाजले होते. कुणाला सांगणार? आपलं आपणच ओरडलो.

पुढचे तुकडे मग भराभर आले. नागातांच्याच गटाने २०१३ मध्ये दुसरं स्क्रॅम्बलेज शोधलं, एक्सकेआर-८, जे पेशी मरताना उघडतं. आणि २०१४ मध्ये त्याच पेशीतलं फ्लिपेज, एटीपी-११-सी. पेशी मरायचं ठरवते तेव्हा कॅस्पेज नावाच्या कात्र्या चालू होतात. तीच कात्री स्क्रॅम्बलेजला कापते तेव्हा ते कायमचं उघडतं, आणि तीच फ्लिपेजला कापते तेव्हा ते कायमचं बंद पडतं. दोन्ही हवंच. नुसतं स्क्रॅम्बलेज उघडून भागत नाही, फ्लिपेज बिचारं पीएस परत आत ओढत राहील. प्लेटलेटमधली गडबड तात्पुरती, कॅल्शियमने झालेली. मरणाची मात्र कात्रीने, ज्याला अनडू नाही.

आणि कुणी साफसफाईलाच आलं नाही तर? भक्षक पेशी आणि मेलेली पेशी यांच्यात पूल बांधणारं एक प्रथिन आहे, एमएफजी-ई८. ते पहिल्यांदा सापडलं दुधातल्या स्निग्ध थेंबांवर. त्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं, की हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मेलेल्या पेशी उचलल्या जात नाहीत, आणि उंदरांना ल्युपससारखा आजार होतो. मेलेलं वेळेवर उचललं नाही की ते फुटतं, आतलं सगळं बाहेर सांडतं, आणि रोगप्रतिकारशक्ती जे कधी बघायला नको होतं ते बघते. रोगप्रतिकारशक्ती या नाजूक हमालीवर किती अवलंबून आहे याचा आणखी एक पुरावा २०११ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दिला: एटीपी-११-सी नसलेल्या उंदरांत बी-पेशी धड तयारच होत नाहीत. म्हणजे अँटिबॉडी बनवणारा कारखानाच आजारी.

विषाणूंनी हे सगळं आपल्याआधी वाचलेलं दिसतं. देवीच्या विषाणूचा चुलतभाऊ व्हॅक्सिनिया अंगावर पीएस मिरवत पेशीपाशी जातो. पेशीला वाटतं, मेलेल्याचा तुकडा आहे, आणि ती त्याला आत घेते. हे २००८ मध्ये उघड झालं. डेंगी आणि इबोलाही पीएस ओळखणाऱ्या याच दारांतून शिरतात. दारात बांबू टाकून घरात शिरणारे चोर!

इथवर मला वाटत होतं की चित्र पूर्ण झालं. आत पीएस म्हणजे काम, बाहेर पीएस म्हणजे मरण किंवा जखम. ताईला फोनवर हेच सांगायला लागलो तर तिने मध्येच विचारलं, "पण मग माझ्यात कोण मेलं होतं? आधी तर सगळं ठीक होतं ना? ठोके ऐकले होते मी."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत "बघतो."

उत्तर मिळालं ते असं. जिवंत, धडधाकट पेशीही कधीकधी पीएस बाहेर आणतात. दोन पेशींना एक व्हायचं असतं तेव्हा. स्नायूचा तंतू बनतो तो लहान पेशी एकमेकींत विरघळून. शुक्रपेशी बीजांडाला भेटते तेव्हाही पीएस लागतो. आणि वार, म्हणजे प्लॅसेंटा! बाळाच्या बाजूच्या पेशी एकमेकींत मिसळून एक अखंड थर बनवतात आणि तो थर आईच्या रक्ताला थेट भिडतो. बाळाचं खाणं-पिणं-श्वास सगळं त्यातून. हे मिसळणं व्हायला पीएस बाहेर यावा लागतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने दाखवलं, की हे काम करणारं स्क्रॅम्बलेज म्हणजे तेच आपलं टीमेम-१६-एफ. ते नसलेल्या उंदरांत वार नीट बनत नाही.

आणि जिवंत पेशीने पीएस दाखवला म्हणून भक्षक पेशी तिला लगेच खात नाहीत, हेही नागातांकडे तपासून झालं होतं. पीएस एकटा पुरत नाही, बाकीच्या खुणाही लागतात. बांबू तिरडीलाही लागतात आणि मांडवालाही. गल्लीतल्या शहाण्या माणसाला दारावरचं तोरण बघून फरक कळतो.

ताईच्या अँटिबॉडींना तोरण वाचता येत नाही. रक्तात एक प्रथिन असतं, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. ते पीएससारख्या ऋणभारित पृष्ठभागावर जाऊन बसतं. या आजारातल्या बऱ्याच अँटिबॉडी त्या प्रथिनावर जाऊन बसतात. म्हणजे जिथे पीएस उघडा, तिथे प्रथिन, तिथे अँटिबॉडी. आणि शरीरात पीएस उघडा ठेवून उभी असलेली जागा कोणती? जिथे बाळ वाढतंय ती.

शरीराला हा धोका ठाऊक नव्हता असं नाही. उघड्या पीएसवर चटईसारखं पसरणारं एक प्रथिन आहे, ॲनेक्सिन ए-५. मानवी वारेतून वेगळं काढलेलं, आणि रक्त गोठू न देणारं म्हणूनच आधी ओळखलं गेलेलं. न्यूयॉर्कच्या जेकब रँड यांनी १९९७ मध्ये मांडलं, की वारेवरचा पीएस या चटईने झाकलेला असतो, आणि या अँटिबॉडी ती चटई फाडतात. ही एक शक्यता, पण तिने मला हलवलं. म्हणजे कुणीतरी आधीच पांघरूण घातलं होतं.

आता उपायाचं. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी गुठळ्या, गर्भपात आणि या अँटिबॉडी यांची एकत्र मोट बांधली, तोवर अशा बायकांना "नशीब" एवढंच उत्तर मिळत होतं. १९९७ मध्ये लंडनच्याच सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या अभ्यासात, वारंवार गर्भपात झालेल्या आणि या अँटिबॉडी असलेल्या ९० गर्भवती होत्या. निम्म्यांना कमी मात्रेत ॲस्पिरिन, निम्म्यांना ॲस्पिरिन आणि हेपॅरिन. नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्क्यांना मूल झालं, दोन्हींवर ७१ टक्क्यांना. रक्त पातळ केलं म्हणून असेल, असंच कुणालाही वाटेल. पण २००४ मध्ये उंदरांवर दिसलं, की रक्त पातळ करणारी दुसरी औषधं हे संरक्षण देत नाहीत, हेपॅरिन देतं. कारण ते रोगप्रतिकारशक्तीची 'कॉम्प्लिमेंट' नावाची एक आग विझवतं. फिक्स चालतोय, पण आपल्याला वाटत होतं त्याच कारणाने नाही. ऑफिसात कितीदा पाहिलंय हे!

बारा आठवड्यांनी ताईचा दुसरा रिपोर्ट आला. पॉझिटिव्हच. खरं सांगतो, मला वाटलं होतं ती खचेल. पण तिने मला विचारलं, "आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर दे. शरीर माझ्यावर उठलंय का नाही?"

मी महिनाभर तयारी केली होती तरी तोंडातून नीट निघेना. शेवटी म्हटलं, "नाही गं. तुझं शरीर त्यावेळी मांडव घालत होतं. बांबू बाहेर काढले होते. काही खुळे ते बघून रडायला येऊन बसले आणि त्यांनी कामच होऊ दिलं नाही. चूक मांडवाची नव्हती."

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "मांडव घालत होतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर."

आज ताईचा अठ्ठाविसावा आठवडा चालू आहे. रोज संध्याकाळी साडेसातला दाजी तिच्या पोटावर चिमूट धरून हेपॅरिनचं इंजेक्शन देतात. पहिल्या दिवशी त्यांचाच हात थरथरत होता, आता मॅच बघता बघता देतात. पोटावर निळे-जांभळे डाग आहेत. ताई त्यांना रांगोळीचे ठिपके म्हणते. ७१ म्हणजे १०० नव्हे, हे तिला माहीत आहे, मलाही. प्रत्येक सोनोग्राफीच्या आदल्या रात्री आम्ही दोघं उगाच काहीतरी फालतू विषयावर गप्पा मारतो.

आजीचं म्हणणं, सातव्या महिन्याआधी बाहेर बोलू नये, दृष्ट लागते. ताईने यावेळी ते ऐकलं नाही. पाचव्या महिन्यात शाळेच्या स्टाफरूममध्ये तिने सरळ सांगितलं, मागच्या दोन वेळांसकट, रिपोर्टसकट. चहाच्या सुट्टीत एक सहकारी बाई तिच्याजवळ येऊन बसल्या. वय पन्नासच्या पुढे. म्हणाल्या, "माझे तीन गेले होते. तेव्हा कुणी तपासलंच नाही." पंचवीस वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. दोघी तास सुरू झाल्याची घंटा होईपर्यंत तशाच बसून होत्या.

ताईने मला हे फोनवर सांगितलं आणि म्हणाली, "लिही तू. काही गोष्टी बाहेर दिसल्याशिवाय कुणी मदतीला कसं येणार?"

म्हणून लिहिलं. तुमच्या ओळखीत कुणाला असं वारंवार होत असेल आणि ते आवाज खाली करून बोलत असतील, तर त्यांना एकदा डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारायला सांगा.

साडेसात वाजले. दाजींचा मेसेज आला: "झालं."